गावठाणात नवी घरे बांधताना नेमके काय जपायचे

मालाडच्या पश्चिमेला, मढ-मार्वे पट्ट्यातील एका गावठाणातून एका वाचकांनी प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या गावात दीडशेच्या आसपास घरे आहेत, त्यांपैकी निम्मी तरी अजून कौलारू आहेत, आणि कुटुंबे वाढल्यामुळे धाकटी पिढी भाड्याच्या जागेसाठी मालवणी, कांदिवली, थेट विरारपर्यंत पांगली आहे. एका विकासकाने लागून असलेल्या चार मिळकती एकत्र करून तेथे सात मजली इमारत बांधण्याचा प्रस्ताव ठेवला आहे आणि प्रत्येक हिस्सेदाराला एक फ्लॅट देऊ केला आहे. विरोध करणाऱ्यांची मागणी अशी, की संपूर्ण गावठाण महापालिकेच्या वारसा यादीत, म्हणजे जपायच्या वास्तू आणि वस्त्यांच्या यादीत, घालून घ्यावे. वाचकांना दोन्ही गोष्टींची धास्ती वाटते. ‘‘पहिल्याने गाव जाईल आणि दुसऱ्याने पोरं जातील, यातून काही मार्ग आहे का?’’ असे त्यांनी विचारले आहे.

मार्ग आहे. संवर्धन वास्तुरचनाकार म्हणून मी गेली सत्तावीस वर्षे मुंबईतील गावठाणे, कोळीवाडे आणि जुन्या वाड्यांमध्ये काम करतो आहे, आणि त्या अनुभवावरून माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. गावठाणात सर्वांत आधी जपायच्या त्या मिळकतींच्या हद्दी. लागून असलेल्या मिळकती एकत्र होऊ दिल्या नाहीत, तर त्यांवरची घरे दुरुस्त झाली, मागच्या अंगाने वाढली, वर एक मजला चढला, अगदी एखादे पायापासून नव्याने बांधले गेले, तरी गाव टिकते. मिळकती एकत्र होऊ लागल्या, की बाकीची सगळी घरे जशीच्या तशी सांभाळूनही ते पंधरा-वीस वर्षांत हातातून जाते. आपल्या गावात सध्या ‘घर ठेवायचे की पाडायचे’ यावर वाद चालला आहे. तो वाद क्षणभर बाजूला ठेवून हद्दींचा प्रश्न आधी घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

याचे कारण गावठाणाच्या घडणीत आहे. आज आपण ज्याला जुने घर म्हणतो ते एकेकाळी नवेच होते. या किनाऱ्यावरची घरे आधी गवताने आणि माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली असत. मग कुंभारी नळीची कौले आली. 1865 साली बासल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर चपटी मंगलोरी कौले किनाऱ्याकिनाऱ्याने इकडे पोहोचली. कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या, सारवलेल्या जमिनी जाऊन शहाबादी फरशी आली. प्रत्येक पिढीने आपल्या ऐपतीप्रमाणे घर बदलले आणि तरीही गाव ओळखू येत राहिले, कारण वीस-पंचवीस फूट रुंदीची मिळकत, गल्लीकडे तोंड करून बसलेली ओटी, शेजाऱ्याच्या वळचणीला जवळजवळ टेकलेली आपली वळचण, दोन-चार घरांत मिळून एक विहीर आणि गल्लीच्या तोंडाशी देऊळ किंवा क्रूस, एवढ्या गोष्टी कोणी हलवल्या नाहीत. मुंबईत 1896 साली प्लेग आला त्या काळात ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या, वस्त्यांमध्ये उभारलेले क्रूस आजही त्याच कोपऱ्यांवर आहेत, आणि माझगावच्या माथारपाखाडीने तर ‘पाखाडी’ हा फरसबंद वाटेचा शब्दच आपल्या नावात धरून ठेवला आहे. गावठाणाचा वारसा या वाटेत आणि वाटेवर बसलेल्या घरांच्या रांगेत आहे. भिंतीतल्या विटा त्याच्या मानाने दुय्यम आहेत.

आता चार मिळकती एकत्र झाल्यावर काय होते ते पाहू. नव्वद फूट रुंदीचा भूखंड तयार होतो. त्यावर इमारत आली, की तिला चारी बाजूंनी मोकळे अंतर सोडावे लागते, त्यामुळे गल्लीची सलग रांग तुटते. अग्निशमन दलाची गाडी आत यायला हवी म्हणून वाट रुंद करावी लागते, आणि ती रुंदी समोरच्या ओट्यांतूनच काढली जाते. तळमजला गाड्यांसाठी मोकळा ठेवला जातो. म्हणजे जिथे संध्याकाळी माणसे बसत होती तिथे खांब आणि बंपर येतात. पाणी तुंबू नये म्हणून जमीन दोन-अडीच फूट भरून उंच करतात आणि तेच पाणी शेजारच्या जुन्या घराच्या जोत्यात शिरते. त्या घराची भिंत तीन पावसाळ्यांत फुगते, तिला धोकादायक ठरवणारी नोटीस येते, आणि पाचवी मिळकत विकासकाकडे चालत जाते. हा क्रम मी निदान चार गावठाणांत डोळ्यांनी पाहिला आहे.

याहून गंभीर परिणाम पैशांचा होतो, आणि त्याबद्दल सभांमध्ये फारसे कोणी बोलत नाही. गल्लीच्या एका टोकाला सात मजले उभे राहिले, की त्या गल्लीतील प्रत्येक घराच्या वाटणीचा हिशेब सात मजल्यांच्या दराने होऊ लागतो. आजवर थोरला भाऊ धाकट्याचा हिस्सा, किंवा लग्न होऊन गेलेल्या बहिणीचा हिस्सा, काही वर्षांच्या बचतीतून आणि सोसायटीच्या कर्जातून घेऊ शकत होता. त्या दिवसापासून ते त्याला शक्य होत नाही. बहिणीचे काही चुकते असे नाही. बाजारात ज्या वस्तूला जो भाव आहे तो मागण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. तो भाव मात्र गावातल्या कोणत्याही कुटुंबाला देता येत नाही, फक्त विकासकाला देता येतो. घरे जुनी झाली म्हणून गावे विकली गेलेली मी क्वचितच पाहिली. हिस्से एकमेकांना परवडेनासे झाले म्हणून विकली गेलेली पुष्कळ पाहिली.

वारसा यादीची मागणी करणाऱ्यांच्या कळकळीबद्दल मला आदर आहे, पण यादी एकटी पुरत नाही हेही त्यांनी ध्यानात घ्यावे. गिरगावातील खोताची वाडी हे डोळ्यांपुढचे उदाहरण आहे. दादोबा वामन खोत यांच्या नावाने ओळखली जाणारी ही वाडी वारसा परिसर म्हणून नोंदलेली आहे, तिच्यावर लेख येतात, परदेशी पाहुणे ती पाहायला येतात. तरीही एकेकाळी तिथे साठ-पासष्ट घरे होती आणि आज त्यांच्या निम्मीही शिल्लक नाहीत. ज्या घरांतल्या हिस्सेदारांचा हिशेब जमला ती टिकली, ज्यांचा नाही जमला ती गेली.

यादीविषयी उलट बाजूने असलेली भीतीही बरीचशी अपुऱ्या माहितीतून आली आहे. मुंबईत वारसा नियमावली 1995 साली लागू झाली. देशातील कोणत्याही शहरातली ती पहिली. 2012 साली महापालिकेने यादीत मोठी भर घालण्याचा प्रस्ताव जाहीर केला तेव्हा अनेक वस्त्यांमधून हरकती गेल्या, कारण लोकांचा समज असा झाला, की यादीत नाव आले म्हणजे खिळाही ठोकता येणार नाही. नियमावलीत तसे नाही. यादीत तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीतील, म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या, वास्तूंवर खरोखरच कडक बंधने आहेत. दुसऱ्या श्रेणीच्या ‘अ’ आणि ‘ब’ भागांत आतले बदल वारसा समितीच्या संमतीने करता येतात, आणि ‘ब’ भागात तर त्याच भूखंडावर मूळ वास्तूशी मेळ राखून नवे बांधकामही करता येते. तिसऱ्या श्रेणीत आतले-बाहेरचे बदल आणि सबळ कारण असेल तर पुनर्बांधणीसुद्धा मान्य होऊ शकते. आपल्या गावातली साधी घरे आणि गल्ल्या या तिसऱ्या श्रेणीतच बसण्यासारख्या आहेत, आणि मागायचेच असेल तर सुटी घरे यादीत घालण्याऐवजी संपूर्ण गावठाण ‘परिसर’ म्हणून मागावे. सुट्या घराची नोंद झाली, की त्या एका कुटुंबाला वाटते भार आपल्यावरच आला आणि शेजारी मोकळा सुटला. त्यातून कडवटपणा येतो.

परिसर म्हणून नोंद होण्याचा एक मोठा फायदा क्वचितच सांगितला जातो. नोंदलेल्या परिसरात जतनासाठी आवश्यक असेल तर वारसा समितीच्या सल्ल्याने महापालिका आयुक्तांना बांधकामाचे इतर नियम शिथिल करता येतात. बावीस फूट रुंदीच्या मिळकतीवर नेहमीच्या नियमाने मोकळे अंतर सोडायचे म्हटले तर मध्ये बोळाएवढे घर उरेल. तिथे ही सवलत म्हणजे घर होणे आणि न होणे यातला फरक आहे. न वापरलेल्या चटईक्षेत्राच्या बदल्यात मिळणाऱ्या हस्तांतरणीय विकास हक्कांचे (टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधण्यासाठी विकता येणाऱ्या हक्कांचे) आकर्षण मात्र ठेवू नये. मोठ्या बंगल्याला त्यातून काही मिळते. गावठाणातल्या लहान मिळकतीला मिळणारी रक्कम कागदपत्रांच्या खर्चातच जाते.

आता एका घराचे काम जरा जवळून सांगतो, म्हणजे मी जे म्हणतो आहे ते कितपत शक्य आहे याचा अंदाज येईल. उपनगरातल्याच एका गावठाणातले हे घर, मिळकत चोवीस फूट रुंद आणि ऐंशी फूट खोल. गल्लीवर सात फुटांची ओटी, मग माजघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पडवी आणि परसात विहीर, शेवग्याचे झाड आणि नंतर बांधलेला संडास. तीन भाऊ, एक बहीण, आई हयात. थोरला घरात राहत होता, मधला नालासोपाऱ्याला, धाकटा भाड्याने मालवणीत. घराला धोकादायक ठरवणारी नोटीस आली होती आणि सोबतच्या तपासणी अहवालात घराची वर्गवारी ‘सी-1’, म्हणजे राहण्यास अयोग्य व तत्काळ पाडण्यासारखे, अशी केली होती. अहवाल करणारे गृहस्थ ऐन पावसाळ्यात येऊन, ओल आलेल्या भिंतींचे फोटो काढून वीस मिनिटांत गेले होते. आईने मला पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘‘वासा कुजला म्हणून कुणी आख्खं घर पाडतं का?’’

आम्ही चार दिवस घर मोजले. कौले उतरवून एकेक वासा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिला. मधल्या अंगाला लाकूड ठणठणीत सागवानी होते, टोक शिरत नव्हते. पण वासे जिथे भिंतीवर टेकतात तिथे एकोणीस वाशांची शेवटची हातभर लांबी भुसभुशीत झाली होती. कारणही त्याच जागी दिसले. पंधरा-एक वर्षांपूर्वी भिंत ‘मजबूत’ करण्यासाठी चुन्याचा जुना गिलावा खरवडून सिमेंटचा लावला होता. चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि आश्विन-कार्तिकात बाहेर सोडते; सिमेंटने ते तोंड बंद केले, ओल भिंतीतल्या भिंतीत वर चढली आणि वाशांच्या टोकांत जाऊन बसली. भिंतीवरून बोटे फिरवली, की रंगाखाली मिठासारखी पांढरी भुकटी लागत होती. आम्ही सिमेंट काढले, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवली, वाशांना नवी टोके सांधली आणि चुन्याचा गिलावा पुन्हा केला. स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याकडून दुसरा अहवाल घेऊन तो लेखी सादर केला, तेव्हा घर पाडण्याची भाषा थांबली. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी कायद्यानेच सांगितली आहे आणि ती व्हायलाच हवी. पण पहिला अहवाल शेवटचा शब्द मानू नये, एवढे या उदाहरणावरून घ्यावे.

हे झाले जतनाचे काम. घरांचा प्रश्न त्याच्या मागे सुटला. ओटी, माजघर आणि आढ्यापर्यंतचे पुढचे छप्पर आम्ही ठेवले. त्यामागचे स्वयंपाकघर आणि पडवी उतरवून तिथे तळमजला अधिक दोन मजले असे नवे बांधकाम केले, विहीर आणि शेवगा सोडून. उंची किती ठेवायची हे कागदावर ठरवले नाही. समोरच्या घराच्या ओटीवर एका माणसाला बसवले आणि त्याच्या डोळ्यांपासून आमच्या आढ्यावरून जाणारी रेषा दोरी ताणून काढली. नवे छप्पर त्या रेषेच्या खाली बसवले. शेजारच्या साडेतीन फुटी बोळातून मागच्या भागाला स्वतंत्र जिना दिला, कारण एका दारातून तीन सुनांनी ये-जा करायची, ही अट घातली तर कोणतेही जुने घर टिकणार नाही. पूर्वी जेमतेम अकराशे चौरस फुटांत एक कुटुंब राहत होते. आता सुमारे तेवीसशे चौरस फुटांत चार स्वतंत्र बिऱ्हाडे आहेत, प्रत्येकाला स्वतःचा संडास-बाथरूम आहे, आणि गल्लीतून जाणाऱ्याला घर पूर्वीसारखेच दिसते. बहिणीने हिश्शाऐवजी वरची एक खोली-स्वयंपाकघर घेतले आणि ते भाच्याला राहायला दिले. गावात अशी पन्नास घरे निघाली, तर विकासकाच्या इमारतीतून गावकऱ्यांच्या वाट्याला येणार होत्या त्यापेक्षा जास्त जागा गावातच तयार होतात.

या कामाला लागलेल्या अडीच वर्षांपैकी दीड वर्ष कागदपत्रांत गेले. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) आजोबांचेच नाव होते. गावठाणाची हद्द जमीन महसूल संहितेच्या कलम 122 नुसार जिल्हाधिकारी ठरवतात आणि आतल्या मिळकतींची नोंद नगर भूमापनाकडे असते. तिथे वारसनोंद नसेल तर बांधकामाची परवानगी मिळत नाही, बँक कर्ज देत नाही आणि मग विकासकाच्या कुलमुखत्यारपत्रावर सही करण्यावाचून माणसापुढे दुसरा रस्ता उरत नाही. म्हणून पहिला खर्च वास्तुरचनाकारावर करू नये, वारसनोंदीवर आणि नोंदणीकृत वाटणीपत्रावर करावा. वाटणीपत्रात एक कलम जरूर घालावे, की कोणाला हिस्सा विकायचा झाल्यास पहिला हक्क भावंडांचा राहील आणि किंमत कशी ठरेल हेही त्यातच लिहिलेले असेल. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 मध्ये सहवारसांना असा अग्रहक्क काही प्रमाणात आहेच. ख्रिस्ती कुटुंबांना तो कायदा लागू नसल्यामुळे त्यांच्या बाबतीत हे कलम अधिकच गरजेचे आहे.

एखाद्या भावाने हिस्सा बाहेरच्या माणसाला आधीच विकला असेल, तरी सारे संपले असे समजू नये. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा विकत घेणाऱ्या परक्या व्यक्तीला कुटुंबासोबत त्या घराचा ताबा मागता येत नाही. तिने वाटणीचा दावा लावला, तर 1893 च्या वाटणी कायद्याच्या कलम 4 नुसार कुटुंबातील हिस्सेदार न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा परत घेऊ शकतात. दारात येऊन ‘तुमच्या भावाचा हिस्सा आता आमचा’ असे सांगणाऱ्याला ही दोन कलमे ठाऊक असतात; घरातल्यांना बहुधा ठाऊक नसतात. चांगल्या दिवाणी वकिलाचा सल्ला वेळेवर घ्यावा.

आपल्या पट्ट्यात आणखी काही बंधने आहेत, ती थोडक्यात. सागरी किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा आधी पाहावा. 2011 च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांसाठी वेगळी तरतूद होती, ती कोळी वस्तीला लागू होती आणि शेजारच्या बंगल्याला नव्हती. आयएनएस हमला या नौदल तळाच्या परिसरातील बांधकामांवर संरक्षण खात्याची बंधने आहेत. आणि गावठाणाच्या कडेच्या घरांवर झोपडपट्टीचा शिक्का बसू देऊ नये. स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरच्या घराला पुनर्वसन योजनेत घालणे म्हणजे मालकाला लाभार्थी करणे होय. वरळी कोळीवाड्याने याला विरोध केला तो याच कारणाने.

यापुढचे काम गावाने मिळून करायचे आहे, आणि त्याची सुरुवात नकाशापासून होते. 2015 साली मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला तेव्हा गावठाणे आणि कोळीवाडे त्यात नीट दाखवलेले नाहीत ही तक्रार जागोजागी झाली, आणि तो मसुदा शेवटी सुधारण्यासाठी मागे घ्यावा लागला. त्या वेळी ज्या वस्त्यांकडे स्वतःचे मोजमाप होते त्यांच्या हरकतींना वजन आले. ज्यांच्याकडे फक्त आठवणी होत्या त्यांना ‘पुरावा आणा’ असे सांगण्यात आले. आपल्याकडे दीडशेच घरे आहेत. गावातल्या आठ-दहा मुलामुलींनी मोजपट्ट्या घेऊन मे महिन्यात हे काम करता येते : गल्लीची रुंदी, ओटीची उंची, आढ्याची उंची, पन्हळीचे पाणी कुठे उतरते, विहिरी, क्रूस, देवळे, मोठी झाडे, जाळी विणायच्या आणि मासळी वाळत घालायच्या जागा. त्याच फेरीत बंद घरे मोजावीत. मी जिथे जिथे ही मोजणी केली तिथे कुलूप लागलेल्या घरांची संख्या गावकऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त निघाली, आणि त्यांतली बरीचशी वारसांच्या तंट्यामुळे बंद होती. नव्या घरांची गरज किती याचा आकडा या मोजणीशिवाय सांगता येत नाही.

नकाशा हातात आला, की ग्रामसभेसारखी बैठक घेऊन गावाने स्वतःचे थोडके नियम लिहावेत. थोडकेच असावेत, खिडक्यांचे आकार आणि रंगांच्या छटा ठरवणारे जाडजूड नियम मी पाहिले आहेत, आणि ते पहिल्याच वर्षी मोडले जातात. माझ्या मते गल्लीच्या बाजूची उंची ठरवावी, ओटीची रेषा ठरवावी आणि मिळकती एकत्र न करण्याचे ठरवावे. छप्पर कौलांचेच हवे असा आग्रह मी धरणार नाही. उतार आणि वळचण असावी, एवढे पुरे. गाड्यांचा प्रश्न मात्र टाळू नये. प्रत्येक घराखाली गाडी असा नियम धरला तर ओटी जाते, म्हणून गावाच्या तोंडाशी, मैदानाच्या किंवा चर्चच्या जागेत सामायिक वाहनतळ करावा आणि गल्ली चालण्यासाठी ठेवावी. तसेच कोणीही आपले जोते गल्लीच्या पातळीपेक्षा ठरावीक उंचीपलीकडे भरून वर नेणार नाही आणि परसातली विहीर बुजवणार नाही, हेही लिहावे. विहिरीजवळ शोषखड्डा नको. सांडपाण्याची टाकी तिच्यापासून जितकी दूर नेता येईल तितकी न्यावी.

असा ठराव केवळ आपसातला असेल तर नव्या खरेदीदाराला तो बांधत नाही, हे खरे आहे. म्हणून तो नकाशासह महापालिकेकडे वारसा परिसराच्या विशेष नियमांचा मसुदा म्हणून द्यावा, आणि गरज पडल्यास प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल मागावा. वेळ लागतो; मला यात सहा-सहा वर्षे लागलेली आहेत. परंतु गावाने स्वतः लिहून आणलेले नियम घेऊन गेलो तेव्हा अधिकाऱ्यांनी ऐकून घेतले, आणि नुसता ‘विकास नको’ असा अर्ज घेऊन गेलो तेव्हा तो फायलीत गेला, हा माझा अनुभव आहे.

मुंबईत राहून कोकणातल्या मूळ गावी हाच प्रश्न असलेल्या वाचकांसाठी एवढेच जोडतो. तिकडे परिस्थिती थोडी सोपी आहे, कारण जागा आहे. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. आपल्या घराची हद्द त्यात बरोबर आली आहे का, हे चौकशीच्या दिवशी स्वतः हजर राहून पाहावे. आराखड्यात निवासी म्हणून दाखवलेल्या, गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतील जमिनीला अकृषिक वापरासाठी पूर्वीसारखी वेगळी परवानगी लागत नाही, त्यामुळे मोठी नवी घरे तिथे नेता येतात आणि जुन्या वाडीतल्या पाखाड्यांवरचा ताण कमी होतो. गावाजवळ केंद्र-संरक्षित किल्ला किंवा लेणी असतील तर पहिल्या 100 मीटरमध्ये नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीची अट आहे, हे जमीन घेण्याआधीच तपासावे.

आता आपल्या चार मिळकतींविषयी. विकासकाने उत्तरासाठी दिलेल्या मुदतीला तीन महिने उरले आहेत, असे आपण लिहिले आहे. त्या तीन महिन्यांत कोणीही कुलमुखत्यारपत्रावर किंवा ‘प्राथमिक संमती’ असे शीर्षक दिलेल्या कागदावर सही करू नये. असे कागद पुढे संमतीचा पुरावा म्हणून वापरले जातात. चारही कुटुंबांच्या मिळकत पत्रिका काढाव्यात आणि हिस्सेदारांची पूर्ण यादी करावी, परगावी आणि परदेशी असलेल्यांसह. मग चारपैकी जिथे भावंडांचे सर्वांत चांगले पटते ते एक घर निवडून त्याचे मागे वाढवण्याचे रेखाटन आणि खर्चाचा अंदाज करून घ्यावा. चार घरांना एकाच वेळी पटवण्याचा प्रयत्न करू नये. पहिल्या घराच्या मागच्या जिन्यावरून धाकट्या भावाचे कुटुंब वर राहायला गेलेले शेजाऱ्यांनी पाहिले, की दुसऱ्या घराचा माणूस स्वतःहून नकाशा मागायला येतो. मी वर सांगितलेल्या गल्लीत तसेच झाले आणि आज तिथे सहाव्या घराचे काम चालू आहे.